उंटिणीचं दूध आणि न सांगितलेली गोळी

एकाच गिऱ्हाइकानं दीड महिन्यात तिसऱ्यांदा चष्मा परत आणला, तर दुकानदारानं काय समजावं? गिऱ्हाईक किरकिरं आहे असं समजावं, नाहीतर आपला हात चुकला असं. चष्मेवाले काका पहिलंच धरून चालले होते. एकतीस वर्षांत आपला हात चुकल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

"काका, रागावू नका हं," शिवणवाल्या ताई चष्म्याची डबी काउंटरवर ठेवत म्हणाल्या, "पण परत तेच. हा घातला की सुई पार नाकाशी आणावी लागते. आणि काढला तर समोरच्या दुकानाची पाटी पुसल्यासारखी दिसते. लांबचं तर मला लख्ख दिसायचं हो!"

"बसा," काका म्हणाले. एवढंच म्हणाले. चिडले की ते कमी बोलत.

काकांचं दुकान बाजाराच्या रस्त्यावर, अरुंद पण खोल. पुढे फ्रेमांची कपाटं, मध्ये काउंटर, आणि मागे पडद्याआड नंबर तपासायची खोली. तिथं एक उंच खुर्ची, भिंतीवर अक्षरांचा तक्ता आणि भिंगांची जुनी लाकडी पेटी. ताईंचं शिवणाचं दुकान त्याच इमारतीत जिन्यावर. चव्वेचाळीस वर्षांच्या ताई सकाळी नऊ ते संध्याकाळी सात मशीनवर बसत. हात असा की फिटिंगसाठी बायका दोन-दोन महिने थांबायच्या. जवळचा चष्मा त्यांना नुकताच लागला होता, आणि पहिला चष्मा काकांनीच करून दिला होता.

पहिल्यांदा त्या परत आल्या तेव्हा काकांनी नंबर पुन्हा तपासला. खरंच बदललेला निघाला. त्यांनी काचा बदलून दिल्या. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा तो नंबर आणखी कुठेतरी सरकलेला. काकांनी मनातल्या मनात कपाळावर हात मारला, पण काचा पुन्हा बदलल्या. आणि आज ही तिसरी खेप.

आता इथं थोडं मागं जायला हवं, कारण या चष्म्याच्या कटकटीचं मूळ चष्म्यात नव्हतंच.

ताईंना एकोणिसाव्या वर्षापासून मधुमेह. त्यांच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नसे, त्यामुळे ते बाहेरून घ्यायचं, दिवसातून चार वेळा. पंचवीस वर्षं हा नेम चालू होता. दुकानात गिऱ्हाईक असलं की त्या कापडाच्या ताग्यांमागे जाऊन पोटाला सुई टोचून येत. "दिवसभर कापडाला टोचायचं, मधून मधून स्वतःला. आमच्याकडे सुट्टी कुणालाच नाही!" असं म्हणून हसायच्या. हसायच्या, पण ताग्यांमागेच जायच्या. एकदा एका गिऱ्हाइकानं पाहिलं आणि पोरीला जवळ ओढून घेतलं होतं, जणू काही लागण होईल!

काकांनाही साखर होती, पण वेगळ्या जातीची. वयाच्या पन्नाशीत आलेली, गोळ्यांवर भागणारी. आठ वर्षं ते गोळ्या घेत होते आणि त्याबद्दल कुणापाशी अवाक्षर काढत नव्हते. मग एक दिवस एका गिऱ्हाइकानं त्यांना उंटिणीच्या दुधाची बाटली आणून दिली. गावाबाहेर एकानं उंट पाळले होते, त्याची माणसं सकाळी बाटल्या पोचवत. "घेऊन तर बघा," गिऱ्हाईक म्हणालं. काकांनी उकळून, गार करून घेतलं. पातळ आणि जिभेला किंचित खारट लागलं. तीन महिने रोज सकाळी एक पेला घेतला आणि रक्त तपासलं. उपाशीपोटीची साखर एकशे अडुसष्टवरून एकशे चोवीसवर आलेली!

काकांना आनंद झाला, आणि आनंद माणसाला बोलतं करतो. त्यांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी काउंटरच्या काचेखाली ठेवले. फ्रेम निवडायला आलेला माणूस खाली बघायचाच. "हे काय काका?" की काका सुरू. उंट कसा वाळवंटात तगतो, त्याचं दूध आंबलं तरी कसं घट्ट विरजत नाही, पोटात गेल्यावर काय करतं. ऐकणारे माना डोलवायचे. एकतीस वर्षं लोक काकांकडे फक्त चष्मा न्यायला येत होते. आता ते काकांचं ऐकायला येऊ लागले.

अशाच एका दुपारी पाच-सहा जण जमलेले असताना कुणीतरी विचारलं, "मग गोळ्यांचं काय, काका?"

आणि काका बोलून गेले, "गोळ्या? जवळजवळ सुटल्यातच म्हणा!"

लोकांनी "वा!" म्हटलं. त्या "वा!"ची चव काही औरच होती.

खरं काय होतं? खरं हे होतं, की दूध सुरू केलं त्याच आठवड्यात डॉक्टरांनी काकांची एक गोळी वाढवली होती. आणि काकांची स्कूटर बिघडून महिनोन्‌महिने तशीच पडली होती, त्यामुळे ते रोज दोन्ही वेळा पाऊण तास चालत होते. या तिन्हींतल्या कशानं साखर उतरवली? कदाचित दुधानंही थोडा हातभार लावला असेल. पण काका गोष्ट सांगताना गोळी वगळत, चालणं वगळत. खोटं बोलायचं त्यांनी ठरवलं नव्हतं. गोष्ट तेवढीच सुटसुटीत वाटायची, म्हणून.

पाच-सहा जणांत त्या दुपारी शिवणवाल्या ताईही उभ्या होत्या. हातात कुणाच्या तरी ब्लाउजचं माप लिहिलेला कागद होता. त्या फक्त काचेखालचे दोन्ही आकडे पुन्हा पुन्हा वाचत राहिल्या.

रस्त्यापलीकडे औषधाचं दुकान होतं. ते चालवणाऱ्या बाई विधवा, साठीच्या, बोलायला रोखठोक. त्यांना सगळे औषधवाल्या बाई म्हणत. काकांच्या दुकानातली गर्दी त्यांनी काउंटरवरून रोज पाहिली आणि एक दिवस सरळ रस्ता ओलांडून आल्या.

"काका, तुम्ही दूध प्या, माझी ना नाही," त्या म्हणाल्या. "काही अभ्यासांत दिसलंय, की साखरेला थोडी मदत होते. इन्सुलिन घेणाऱ्यांना डोस थोडा कमी लागला, असंही आहे कुठेकुठे. पण ते अभ्यास छोटे आहेत. आणि त्या लोकांनी इन्सुलिन चालू ठेवलं होतं, डॉक्टर नजर ठेवून होते. हे पुढचं तुम्ही लोकांना सांगता का?"

"लोकांना कळतं बाई. कुणी कुक्कुलं बाळ नाही."

"आजारी माणूस सुटकेची वाट बघत असतो, काका. त्याला अर्धं ऐकू येतं. तुम्ही अर्धंच सांगितलंत, तर त्याच्यापर्यंत पाव पोचेल."

काकांना ते झोंबलं. "खरं सांगू? गोळ्यांचा खप कमी होईल, ही तुमची धास्ती!"

बाई रस्ता ओलांडून परत गेल्या. त्या दिवसानंतर दोघांत जेवढ्यास तेवढं बोलणं राहिलं.

तर आता त्या तिसऱ्या खेपेकडे येऊ.

काकांनी ताईंना उंच खुर्चीवर बसवलं, नाकावर जड फ्रेम चढवली आणि भिंगं बदलायला सुरुवात केली. "हे स्पष्ट की हे?" ताईंनी उत्तर द्यायच्या आधी विचारलं, "काका, थोडं पाणी मिळेल?" काकांनी पेला दिला. त्यांनी तो एका दमात संपवला आणि दुसरा मागितला. मग तिसरा. चौथ्याच्या वेळी काकांनी तांब्याच पुढे ठेवला.

"उन्हातून आलात वाटतं."

"नाही हो, वरूनच तर आले. हल्ली तहानच भागत नाही."

काका भिंग बदलायला जवळ वाकले आणि त्यांना वास आला. ताईंच्या श्वासाला गोडसर, पिकून गेलेल्या फळासारखा, किंवा नखांचा रंग पुसायच्या द्रवासारखा वास होता. काकांनी पहिल्यांदा ताईंकडे नीट पाहिलं. एवढे दिवस ते फक्त त्यांचे डोळे बघत होते. आता त्यांना गळ्याची हाडं दिसली. स्वतःच शिवलेला झगा ताईंच्या अंगावर दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा लोंबत होता. फिटिंगमध्ये तसूभर चूक न करणारी बाई!

आणि मग एकतीस वर्षांपूर्वी शिकलेली एक गोष्ट काकांच्या डोक्यात वीज चमकावी तशी चमकली. साखर बेफाम वरखाली झाली की डोळ्याच्या आतल्या भिंगाचा आकार बदलतो, आणि नंबर नाचतो! साखर असलेल्या नव्या गिऱ्हाइकाला ते आधी रक्त तपासून यायला सांगत. ताईंना मधुमेह आहे हे ठाऊक असूनही, तीनदा तपासताना त्यांनी साखरेबद्दल विचारलं नव्हतं.

"ताई," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला, "इन्सुलिन घेताय ना?"

ताई जड फ्रेममागून हसल्या. मोठं गुपित सांगावं तसं म्हणाल्या, "तेच तर सांगणार होते तुम्हाला! दीड महिना झाला, दूध चालू केलं तेव्हापासून अर्धंच घेत होते. काही झालं नाही. मग परवापासून बंदच केलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा, काका! दोन दिवस एकही सुई नाही! घरी सांगितलं, काकांच्या गोळ्या सुटल्या, माझ्या सुया सुटल्या."

"अहो, काय केलंत हे!" काका जवळजवळ ओरडले.

ताईंचं हसू विरलं. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "मळमळतंय जरा सकाळपासून," त्या म्हणाल्या, आणि पोट धरून वाकल्या.

काका धावतच रस्ता ओलांडून गेले. एक सायकलवाला त्यांना चुकवताना पडता पडता वाचला. औषधवाल्या बाईंच्या काउंटरपाशी पोचून त्यांना एवढंच बोलता आलं, "शिवणवाल्या ताई. इन्सुलिन बंद केलंय. चला!"

बाईंनी साखर तपासायचं यंत्र उचललं, आणि दुकान उघडं टाकून काकांच्या आधी पोचल्या. ताईंच्या बोटातून थेंब काढला, पट्टीला लावला. यंत्रानं आकडा दाखवलाच नाही. त्यावर नुसतं इंग्रजीत "हाय" असं उमटलं.

"म्हणजे काय?" काकांनी विचारलं.

"म्हणजे यंत्राला मोजता येत नाही इतकी," बाई म्हणाल्या. "गाडी बोलवा. आत्ता!"

रुग्णालयात तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी ताईंचा श्वास पाहिला. खोल, भराभर, धावून आल्यासारखा चालला होता. त्यांनी दोन्ही हातांना नळ्या लावल्या. छापखान्यात काम करणारे ताईंचे यजमान शाईच्या हातांनीच धावत आले. डॉक्टरीणबाईंनी त्यांना थोडक्यात सांगितलं. इन्सुलिन नसलं की शरीराला रक्तातली साखर वापरता येत नाही. मग ते चरबी जाळायला लागतं आणि त्यातून रक्त आम्ल होत जातं. यांच्या बाबतीत ते फार पुढं गेलंय. पुढचे दोन दिवस अतिदक्षता विभागात. काही तास उशीर झाला असता, तर मी आज तुमच्याशी वेगळं बोलले असते.

"पण बंद करायला यांना सांगितलं कुणी?" त्यांनी विचारलं. "कुठल्या डॉक्टरांनी?"

यजमान गोंधळले. "डॉक्टरांनी नाही. ती म्हणाली, दुधानं भागतं. लोकांना फरक पडलाय."

"कुठल्या लोकांना?"

काका तिथंच, भिंतीला टेकून उभे होते. तोंड उघडायला एवढी जागा पुरेशी होती. पण ते उघडलं नाही. आणि यजमान मागं वळले, शाईनं माखलेल्या दोन्ही हातांनी त्यांनी काकांचा हात धरला आणि रडत म्हणाले, "काका, तुम्ही होता म्हणून! तुम्ही ओळखलंत म्हणून! तुमचे उपकार कसे फेडू?"

काकांनी ते आभार घेतले. होय, घेतले! मान हलवली, खांद्यावर थोपटलं आणि जिना उतरून निघून गेले. औषधवाल्या बाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

घरी आल्यावर काकांच्या पत्नीनं जेवायला वाढलं. त्यांनी घास मोडला आणि तसाच धरून ठेवला. मग सगळं सांगितलं. सांगताना शेवटी म्हणाले, "मी तिला बंद कर असं कधीच म्हटलं नव्हतं. एका शब्दानंही नाही."

पत्नी शांत स्वभावाच्या, नवऱ्याला चारचौघांत कधी न तोडणाऱ्या. "नव्हतंत म्हटलं, खरंय," त्या म्हणाल्या. "पण डॉक्टरांनी तुमची गोळी वाढवली, ते तरी म्हटलं होतंत का? रोज सकाळी तुमच्या हातावर दोन गोळ्या मीच ठेवते. दोन. लोक घरी येऊन मला म्हणायचे, काकांच्या गोळ्या सुटल्या हो, भाग्यवान आहात! आणि मी गप्प बसायचे. तुमचा पाणउतारा नको म्हणून. आता वाटतं, मीही त्यात आले."

काकांनी घास ताटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकान न उघडता रुग्णालयात गेले. यजमान बाहेरच्या बाकावर बसले होते. शाई अजून नखांत तशीच होती. काका त्यांच्या शेजारी बसले आणि उभं राहायचं धैर्य नव्हतं म्हणून बसूनच, समोरच्या फरशीकडे बघत, सगळं सांगून मोकळे झाले. दूध, वाढवलेली गोळी, पाऊण तासाचं चालणं, "सुटल्यातच म्हणा" हे वाक्य. "काल तुम्ही माझा हात धरलात. तो धरून घ्यायची माझी लायकी नव्हती."

 काकांना वाटलं, हा माणूस आता ओरडेल, कदाचित अंगावर येईल. आला असता तर बरं झालं असतं.

"तिनं मला तुमच्या रिपोर्टचा फोटो दाखवला होता," यजमान म्हणाले. "मी म्हटलं, काका शिकलेले आहेत, डोळे तपासतात, त्यांना कळत असणार." ते थांबले. "पंचवीस वर्षं मी तिच्याबरोबर आहे. ती सुई टोचते तेव्हा मी तोंड फिरवतो. मला बघवत नाही. तिनं बंद केलं म्हटल्यावर मी काय म्हणालो असेन? म्हणालो, सुटलीस बाई एकदाची! विचारलंसुद्धा नाही, की डॉक्टरांना सांगितलंस का." त्यांनी दोन्ही हात तोंडावरून फिरवले. "तुमच्यावर राग आहे माझा. खोटं कशाला बोलू? फार राग आहे. पण आत्ता मला तो स्वतःपासून वेगळा काढता येत नाही. तुम्ही जा. ती शुद्धीवर आली की तिला तुमच्या तोंडानं सांगा. मी नाही सांगणार."

तिसऱ्या दिवशी ताईंना भेटायची परवानगी मिळाली. उशीवर चेहरा एवढासा झाला होता. काकांनी पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं त्यांना वाटलं होतं. गेलं नाही.

ताई छताकडे बघत ऐकत राहिल्या.

"मी कान लावूनच बसले होते, काका," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कुणीतरी म्हणावं, की आता नको टोचूस. माझ्या नेहमीच्या डॉक्टरीणबाई कधी म्हणणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. म्हणून त्यांना विचारलंच नाही. मागची तपासणी चुकवली. माझी चूक मी तुमच्या पदरात टाकत नाही." मग त्यांनी मान वळवली. "पण दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी चार ठिकाणी विचारलं असतं. तुम्ही सांगितलंत, म्हणून नाही विचारलं."

काकांना मान वर करता येईना. "मी काय करू, ताई? सांगाल ते करतो."

"आणखी किती जणांना सांगितलंत?"

काकांनी मोजलंच नव्हतं.

"शोधा त्यांना," ताई म्हणाल्या, आणि डोळे मिटले. "मला फळं नका आणू. त्यांना शोधा."

काका त्या दिवशी दुकानात न जाता आधी औषधवाल्या बाईंकडे गेले. "खपाबद्दल मी जे बोललो," त्यांनी सुरुवात केली, पण बाईंनी हातानं थांबवलं.

"ते राहू द्या. मला त्यापेक्षा दुसरंच लागलंय," त्या म्हणाल्या. "दीड महिना ताई इन्सुलिन नेताना दिसल्या, तर निम्मंच. मला वाटलं, दुसरीकडून घेत असतील. जिना चढून विचारायला मला काय झालं होतं? तुमच्याशी बिनसलं म्हणून मी त्या इमारतीतच पाय ठेवला नाही."  मग बाईंनी कपाटामागून एक वही काढली. "सांगा, कोण कोण येत होतं तुमच्याकडे. मला माझी गिऱ्हाइकं ठाऊक आहेत, तुम्हाला तुमची."

नावं आठवत आठवत वहीची तीन पानं भरली. काका रोज दुकान बंद व्हायच्या आधी तासभर निघायचे आणि एकेकाच्या दारात जायचे. जाणं सोपं नव्हतं. कोणी म्हणालं, "अहो, मी तर दुसऱ्या दिवशीच विसरलो!" कोणी हसलं. एका निवृत्त मास्तरांनी दारातच ऐकवलं, "पण मला फरक पडलाय! आता तुम्हीच उलटं बोलायला लागलात?" काका म्हणाले, "पडला असेल, मास्तर. दूध सोडा असं मी म्हणत नाही. फक्त गोळ्या चालू ठेवा आणि डॉक्टरांना दुधाचं सांगा, एवढंच." मास्तरांनी दार लावून घेतलं. बंद दारासमोर उभं राहून आपलंच बोलणं आपल्यालाच परत ऐकू येतं, हे काकांना त्या दिवशी कळलं.

वहीतलं सव्विसावं नाव बँकेच्या पहारेकऱ्याचं होतं. दिवसभर दाराशी उभा राहणारा, अबोल माणूस. काकांनी विचारल्यावर तो आधी नाही म्हणाला. मग म्हणाला, "गोळी एक दिवसाआड घेतो. तुमचं बघून. दूध परवडत नाही रोज, म्हणून तेही एक दिवसाआड." काका त्याच्या पायाकडे बघत होते. डाव्या बुटाची नाडी त्याला बांधताच आली नव्हती. "बूट काढा बघू," काका म्हणाले. पहारेकरी लाजला. बूट काढला तेव्हा मोज्याला पिवळसर डाग होता, आणि अंगठ्याशेजारच्या बोटाखाली एक जखम. साखरेनं पाय बधिरल्यामुळे त्याला ती दुखतसुद्धा नव्हती!

काका त्याला त्याच संध्याकाळी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी जखम साफ केली, औषधं पुन्हा सुरू केली आणि म्हणाले, आणखी आठवडा गेला असता तर बोट काढावं लागलं असतं. दवाखान्याच्या पायरीवर बसून काका पहिल्यांदा रडले.

ताई नऊ दिवसांनी घरी आल्या. इन्सुलिन पुन्हा पूर्ण सुरू झालं. आता त्या ताग्यांमागे जात नाहीत. कात्री बाजूला ठेवतात, खुर्चीतच बसून सुई घेतात, आणि गिऱ्हाईक बघत असलं तर सांगतात, "हे माझं जेवणाआधीचं काम. तुम्ही माप सांगा, ऐकतेय मी." यजमानही आता तोंड फिरवत नाहीत. सकाळची सुई तेच भरून देतात. पहिल्या दिवशी त्यांना दुप्पट वेळ लागला, आणि ताई हसल्या.

पण सगळं पूर्ववत झालं, असं सांगितलं तर तीही अर्धीच गोष्ट होईल. नेत्रतज्ज्ञांना ताईंच्या उजव्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तस्रावाचे नवे ठिपके सापडले. ते त्या दीड महिन्यामुळे आले की पंचवीस वर्षांच्या आजारामुळे, हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. त्या डोळ्यानं काळ्या कापडावरचा काळा टाका त्यांना आता दिसत नाही. काळं कापड त्या घेत नाहीत.

काकांनी स्वतःच्या डॉक्टरांना दुधाबद्दल पहिल्यांदाच सांगितलं. डॉक्टर म्हणाले, आवडत असेल तर घ्या. कच्चं घेऊ नका, उकळून घ्या. रोजच्या आहारात त्याचा हिशेब धरा, गोळ्या माझ्याशी बोलल्याशिवाय हलवू नका आणि दर तीन महिन्यांनी रक्त तपासा. एवढं साधं होतं! विचारायला पाच मिनिटंही लागली नव्हती.

अजूनही कुणीतरी दुकानात येऊन विचारतं, "काका, ते उंटिणीच्या दुधाचं खरं का हो?" काका आता फ्रेम खाली ठेवतात आणि सगळं सांगतात. गोळी वाढवली होती ते, चालणं, जिन्यावरच्या ताईंचं काय झालं ते, आणि आपण रुग्णालयात कुणाचे आभार घेतले तेसुद्धा. गोष्ट लांबते, रंगत जाते म्हणावं तर तसंही नाही. बरेचजण मध्येच घड्याळ बघतात. "वा!" कुणी म्हणत नाही. काका तरीही शेवटपर्यंत सांगतात.

मित्रहो, या गोष्टीत दुधाचा दोष नाही, आणि विश्वास ठेवणाऱ्या बाईला मूर्ख ठरवून आपल्याला सुटताही येणार नाही. आपल्यातला प्रत्येकजण कधी ना कधी कुणाला तरी म्हणालेला आहे, "मला गुण आला, तूही घेऊन बघ." रोज सुई टोचून दमलेल्या माणसाला आपला तो शब्द डॉक्टरांच्या शब्दाहून जवळचा वाटतो, कारण आपण त्याच्या बाजूला उभे असतो. म्हणून औषधाबद्दल बोलायचं तर आपलं सगळं सांगा, चालू असलेल्या गोळीसकट सांगा, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही थांबवू नकोस, हे वाक्य त्याला ऐकू जाईपर्यंत त्याच्या दारातून हलू नका. आणि आपण स्वतः आजारी असू, तर जे डॉक्टरांपासून लपवावंसं वाटतं, तेच त्यांना सर्वांत आधी सांगायला हवं. सुईची लाज समाजानं माणसाला दिली आहे. ती परत घेण्याचं कामही समाजाचंच, म्हणजे तुमचं आणि माझं आहे.